नियंत्रण रेषेवरची शांतता कुणाच्या हाती?

१० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा दूरध्वनी दिल्लीत आला. संध्याकाळी ५ वाजल्यापासून जमिनीवरचा, हवेतला आणि समुद्रातला गोळीबार थांबवायचं ठरलं. त्याच रात्री जम्मू आणि श्रीनगरच्या आकाशात ड्रोन दिसले, स्फोटांचे आवाज झाले. मग मात्र बंदुका थांबल्या. २२ एप्रिलचा पहलगाम हल्ला, ७ मेचं भारताचं ऑपरेशन सिंदूर, तेव्हापासून चार दिवस चाललेली तोफा, क्षेपणास्त्रं आणि ड्रोनची लढाई हे सगळं ज्या समझोत्यावर येऊन थांबलं, त्यावर कुणाचीही सही नाही. हा समझोता जपावा की त्याच्याकडे संशयानंच पाहावं, याबद्दल आपल्याकडे एकाच घरात दोन मतं असतात.

ती दोन मतं समोरासमोर आणावीत म्हणून हा संवाद रचला आहे. यातले मामा साताऱ्याजवळच्या गावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कारगिलच्या आधी आणि पुन्हा २००४ साली, अशा दोन वेळा ते पूंछ भागात होते. भाची डोंबिवलीला राहते आणि महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. शस्त्रसंधीची बाजू फौजी मामा घेतात आणि तिच्यावर शंका घेते ती भाची.

भाची: मामा, २३ एप्रिलच्या संध्याकाळी भागशाळा मैदानात अख्खं डोंबिवली लोटलं होतं. पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली, त्यातली सहा महाराष्ट्राची आणि त्यातली तीन आमच्या डोंबिवलीची. आणि हे झालं ते नियंत्रण रेषा चार वर्षं शांत असताना. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी संयुक्त निवेदन काढलं, गोळीबार थांबला, आपण सगळे खूश झालो. त्या शांततेनं आपल्याला बैसरन दिलं. मग ती शांतता कुणाच्या कामाची?

मामा: तुझा राग मला कळतो पोरी. पण बैसरनचं रक्त रेषेवरच्या शांततेच्या नावावर टाकायच्या आधी मागचं जरा बघ. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे दहा जण कराचीहून समुद्रातून आले. त्यांना रेषा ओलांडायची गरजच पडली नाही. २०१६ ला उरी झालं, १९ जवान गेले. २०१९ ला पुलवामा झालं, ४० गेले. २०१६ आणि २०१९ ला रेषा शांत होती का? रोज धडाधड गोळीबार चालू होता. म्हणजे गोळीबार चालू असताना हल्ले झाले आणि बंद असतानाही झाले. मग हल्ल्याचं कारण शांतता कसं?

भाची: कारण नसेल, पण आडोसा तरी आहेच. २०२१ नंतरचं राजौरी-पूंछ आठवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरनकोट-मेंढरच्या जंगलात आपले नऊ जवान गेले. १ जानेवारी २०२३ ला ढांगरी गावात घरात घुसून माणसं मारली. एप्रिलमध्ये भाटा धुरियाँला लष्कराच्या ट्रकवर हल्ला झाला, पाच जवान गेले. मे महिन्यात कंडीच्या जंगलात आणखी पाच. जून २०२४ मध्ये रियासीला यात्रेकरूंची बस दरीत गेली. पंधरा वर्षं जो भाग शांत होता, तो शस्त्रसंधीच्या काळातच पेटला. समोरच्याला आपल्या तोफांची भीती राहिली नाही, म्हणून त्यानं दुसरं हत्यार बाहेर काढलं.

मामा: यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण अर्धंच सांगितलंस. २०२० मध्ये गलवानला चीनशी चकमक झाली आणि जम्मू भागातलं राष्ट्रीय रायफल्सचं मोठं दळ लडाखला हलवावं लागलं. जंगलं मोकळी पडली, गावागावातली खबर देणारी माणसं तुटली. जिथून फौज उठते तिथं अतिरेकी बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि ते आले कुठून? सगळे काही पूंछच्या डोंगरातून आले नाहीत. सांबा-कठुआच्या सपाट सीमेवर जमिनीखालून खणलेली भुयारं सापडली, ती शस्त्रसंधीच्या आधीची. त्या भुयारांना वरून तोफ डागून काय फरक पडला असता?

भाची: म्हणजे दोष आपलाच?

मामा: दोष पाठवणाऱ्याचा. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बंदोबस्त आपल्या हातात असतो. मी नियंत्रण रेषेवर दोनदा होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसा मोर्च्याच्या बाहेर डोकं काढायची सोय नव्हती. रेशन खच्चरावर, तेही अंधार पडल्यावर. पाण्याला गेलेला पोरगा परत येईपर्यंत जिवात जीव नसायचा. समोरून मशीनगन सुरू झाली की आम्ही खाली आणि त्याच वेळी नाल्यातून चार जण सटकायचे. गोळीबार हाच घुसखोरांचा सर्वात मोठा आडोसा होता. कव्हर फायर द्यायचं आणि माणसं आत सोडायची, ही त्यांची जुनी रीत. २००४ ला परत गेलो तर तिथंच उजेडात पेट्रोलिंग करत होतो, आणि डोंगरावर तार उभी होती.

भाची: ती तार! माझा मुद्दा नेमका तोच. २००३ नंतर घुसखोरी कमी झाली, हे आकडे मीही वर्गात शिकवते. गृहमंत्रालयाच्या अंदाजानं २००३ मध्ये १,३७३ घुसखोरीचे प्रयत्न आणि २००४ मध्ये ५३७. पण ते श्रेय तारेचं, थर्मल कॅमेऱ्यांचं आणि तुमच्यासारख्या जवानांचं. पाकिस्ताननं शब्द दिला म्हणून ते घडलं नाही.

मामा: आणि तार कशामुळे उभी राहिली? त्याआधी कितीदा कामाला हात घातला. खांब रोवायला माणूस उभा राहिला की समोरून गोळी यायची. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांचे पंतप्रधान जमाली यांनी ईदच्या निमित्तानं शस्त्रसंधी जाहीर केली, वाजपेयी सरकारनं ती स्वीकारली, २५ तारखेच्या मध्यरात्रीपासून सियाचीनपर्यंत बंदुका थांबल्या. आणि २००४ मध्ये तार पुरी झाली. जे काम दहा वर्षांच्या गोळीबारात झालं नाही, ते एका वर्षाच्या शांततेत झालं. शस्त्रसंधी म्हणजे समोरच्यावर विश्वास ठेवून झोपी जायचं, असं तुला कुणी सांगितलं? आम्ही त्या शांततेत कंबर कसून काम केलं.

भाची: मग त्या शांततेत त्यांनीही काम केलंच असेल की. जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला मुशर्रफ यांनी वाजपेयींना लेखी शब्द दिला की, पाकिस्तानच्या ताब्यातली कोणतीही भूमी दहशतवादासाठी वापरू देणार नाही. पाच वर्षांच्या आत मुंबई झाली. २००५ ला श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, २००८ ला नियंत्रण रेषेवरून व्यापार सुरू झाला, आणि एप्रिल २०१९ मध्ये तोच व्यापार आपल्याला बंद करावा लागला. कारण त्याच मालातून शस्त्रं, अमली पदार्थ आणि खोट्या नोटा येतात, असं सरकारनं सांगितलं. प्रत्येक उघडलेल्या दारातून तेच आलं. मी विद्यार्थ्यांना विश्वासवर्धनाचे उपाय शिकवते, तेव्हा मला माझाच आवाज पोकळ वाटतो.

मामा: त्याच दारातून आणखीही काही आलं. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंची गावं आडवी झाली. तेव्हा टिटवाल, उरी, पूंछ, मेंढरला रेषेवर पाच ठिकाणी वाट उघडली. १९४७ पासून तुटलेले नातेवाईक एकमेकांना भेटले. आदल्या दोन वर्षांत बंदुका थांबल्या नसत्या तर हे कुणाच्या मनातही आलं नसतं. आणि मुंबईचं म्हणतेस तर, एवढा मोठा घाव बसूनही आपण रेषेवर तोफा सुरू केल्या नाहीत. त्यामुळे आपण दुबळे ठरलो का? जगात पाकिस्तान उघडा पडला. जिवंत पकडलेला कसाब, समुद्रातून आलेली बोट, कराचीतले फोन, सगळं जगासमोर मांडता आलं. नियंत्रण रेषेवर लढाई सुरू असती तर जगानं दोघांना एकाच पारड्यात बसवलं असतं.

भाची: उघडा पडला, पण थांबला नाही. हाफिज सईदला २०२० मध्ये शिक्षा झाली ती कशामुळे? आर्थिक कृती दलानं (एफएटीएफ) जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं, कर्ज मिळणं अवघड झालं, म्हणून. ऑक्टोबर २०२२ मध्ये यादीतून नाव निघालं आणि दोन-अडीच वर्षांत पहलगाम घडलं. त्यांना दुखलं ते खिशावर घाव बसल्यावर, आणि नंतर ७ मेला नऊ तळांवर हल्ले झाल्यावर. रेषेवर हात आखडता घेतल्यानं त्यांना कधी काही दुखलं नाही.

मामा: बरोबर बोललीस, आणि माझाच मुद्दा मांडलास. खिशावर घाव बसला तेव्हा त्यांना दुखलं, मग घाव तिथंच घालायचा. पण नियंत्रण रेषेवर तोफ डागली की दुखतं कुणाला? रावळपिंडीतल्या जनरलला? मुरिदके आणि बहावलपूरचे तळ रेषेपासून लांब आहेत. रेषेवरची तोफ लागते ती नीलम खोऱ्यातल्या शेतकऱ्याला, आणि उत्तरात आपल्या केरन, उरी, मेंढर, नौशेरातल्या माणसाला. ७ मेच्या सकाळी पूंछ शहरावर गोळे पडले. गुरुद्वाऱ्यावर पडले, शाळेजवळ पडले. एकट्या पूंछ जिल्ह्यात डझनाहून अधिक साधी माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. सिंदूरनं ज्यांना मारायचं त्यांना मारलं. रेषेवरच्या तोफांनी मात्र मेंढपाळ, शिक्षक, दुकानदार आणि पोरंच मारली.

भाची: त्या माणसांबद्दल तुमच्याइतकंच मलाही वाटतं, मामा. पण मग त्यांना बंकर का नव्हते? जम्मू भागातल्या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर झाल्याचं आपण २०१७-१८ पासून ऐकतो आहोत. तरी पूंछ शहरात त्या सकाळी लोकांना आसऱ्याला पुरेसे बंकर सापडले नाहीत. शांततेच्या काळात सरकार आणि समाज दोघंही या लोकांना विसरतात, हीसुद्धा शस्त्रसंधीचीच एक बाजू आहे. गोळीबार थांबला की त्यांची आठवण कुणाला येत नाही.

मामा: हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. खरं आहे. तारेच्या पुढं गावं आहेत, लोकांना माहीत नसतं. तार रेषेवर नाही, आत आहे. कुठं काही शे मीटर, कुठं त्याहून जास्त. ती गावं तारेच्या आणि रेषेच्या मध्ये राहतात. सकाळी गेट उघडतं, ओळखपत्र दाखवून बाहेर पडायचं, संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परत यायचं. बाळंतपण असो, साप चावलेला असो, गेटवरच्या संत्रीला विचारून जायचं. त्यांचा मका उभा राहतो की जळतो, हे दोन सैन्यांच्या मनावर ठरतं. पण तुझ्या बोलण्यातून निघतं काय? शांततेत त्यांच्यासाठी बंकर, दवाखाना आणि रस्ता बांधा. शांतताच नको, असं तर निघत नाही ना?

भाची: नाही निघत. पण मला दुसरी भीती आहे. मे २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की यापुढचा कोणताही दहशतवादी हल्ला हे युद्धाचं कृत्य मानलं जाईल, ऑपरेशन फक्त स्थगित आहे. हे धोरण एकदा जाहीर केल्यावर शस्त्रसंधी वेगळी कशी ठेवणार? उद्या पुन्हा पहलगाम घडलं आणि आपण गप्प बसलो, तर धाकच संपेल. आणि उत्तर दिलं, तर शस्त्रसंधी संपेल. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

मामा: मला त्यातली एक गोष्ट भयंकर वाटते. अशी अट घातली की युद्ध कधी सुरू करायचं, हे ठरवणार कोण? जंगलात लपलेले तीन-चार जण. त्यांनी एक मॅगझिन रिकामं केलं की मिळून दीड अब्जाहून जास्त लोकांच्या दोन देशांच्या तोफा सुरू. अतिरेक्याला हवं असतं ते हेच. मोठ्या फौजेला आपल्या वेळापत्रकावर नाचवायला मिळणं, याहून मोठा विजय त्याला कुठला? १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं गेली. सरकारनं त्याला दहशतवादी हल्ला म्हटलं, तपास यंत्रणांकडे सोपवला, फरीदाबादपासून काश्मीरपर्यंत धागे शोधले. रेषेवर तोफ डागली नाही. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला.

भाची: त्या प्रकरणात पकडलेले डॉक्टर भारतीय होते, म्हणून तो निर्णय शक्य झाला. हल्लेखोर सरळ पलीकडून आलेले असते तर देशाचा राग कुणी आवरला असता? शिवाय पलीकडच्यांनी स्वतः काय केलं ते बघा. जो आरोप दिल्ली इस्लामाबादवर करते, तोच इस्लामाबाद काबूलवर करतं: तुमच्या भूमीवर तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तानला आसरा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांची लढाई जुंपली. १९ ऑक्टोबरला कतार आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीनं दोहामध्ये शस्त्रसंधी झाली. इस्तंबूलला बोलणी झाली, देखरेखीची यंत्रणा उभारू असं निवेदन निघालं, आणि नोव्हेंबरात बोलणी फिसकटली. पाकिस्तानलाही अतिरेकी आणि शस्त्रसंधी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत. मग ती अपेक्षा आपल्याकडूनच का?

मामा: कारण त्याचं फळ त्यांना काय मिळालं, हे समोर आहे. सीमेवरची तोरखम आणि चमनची नाकी बंद, ट्रकांच्या रांगा, फळं-भाज्या सडल्या, आणि हल्ले थांबले का? इस्लामाबादच्या न्यायालयाबाहेर नोव्हेंबरात स्फोट झालाच. विमानं पाठवून अतिरेकी संपत असते तर अफगाणिस्तान चाळीस वर्षांपूर्वीच शांत झालं असतं. मी त्या उदाहरणातून उलटा धडा घेतो. दोहात मध्यस्थ होते, सह्या होत्या, तरी ती शस्त्रसंधी डळमळली, कारण कुणी मोडली हे ठरवणारी यंत्रणाच उभी राहिली नाही. आपल्याकडेही तीच उणीव आहे.

भाची: इथं आपलं जुळतं. यंत्रणा या विषयावर मी बरंच वाचलंय. १९४९ च्या कराची करारात युद्धविराम रेषा नकाशावर मांडली होती, रेषेपासून पाचशे यार्डांत सैन्य ठेवायचं नाही, असं लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक होते. १९७२ च्या सिमला करारानंतर डिसेंबरमध्ये सुचेतगढला नवी नियंत्रण रेषा नकाशांवर सह्या करून ठरली. पण त्या रेषेवर कसं वागायचं, याचे नियम कुणी लिहिले नाहीत. निरीक्षक अजून आहेत, पण आपण त्यांना १९७२ नंतर मानत नाही. २००३ चा समझोता तोंडी. २०२१ चं निवेदन काही ओळींचं. २०२५ चा समझोता दूरध्वनीवरचा. हॅपीमॉन जेकब यांनी नियंत्रण रेषेवरच्या गोळीबाराचा अभ्यास केला आहे. ते सांगतात की पुष्कळदा गोळीबार घुसखोरीसाठी किंवा वरच्या हुकमानं होत नाही. कुणी नवा मोर्चा बांधायला घेतला, कुणी टेहळणीची जागा पुढं सरकवली, कुणाच्या पलटणीला मागचा हिशोब चुकता करायचा होता, अशा स्थानिक कारणांनी ठिणगी पडते.

मामा: शंभर टक्के. हे मी अनुभवलंय. रात्री समोर कुदळीचा आवाज आला की आपला माणूस अस्वस्थ होतो. बांधाच्या भांडणातसुद्धा मोजणीचा नकाशा आणि पंचनामा लागतो. इथं तर दोन फौजा हत्यारं रोखून उभ्या आहेत. नवं बांधकाम किती अंतरावर चालेल, दुरुस्ती करायची तर कशी कळवायची, चुकून रेषा ओलांडलेल्या गुराख्याला किती तासांत परत द्यायचं, ड्रोन दिसला तर आधी कुणाला फोन करायचा, हे लिहून ठेवायला काय हरकत आहे? महासंचालकांची हॉटलाइन दर मंगळवारी चालायची. पूंछमधल्या चकन-दा-बागला ब्रिगेडिअर भेटून बोलायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखनूरला स्फोटात आपले दोघं गेले, तेव्हाही तिथंच बैठक झाली आणि प्रकरण वाढलं नाही.

भाची: आणि लिहिलेलं टिकतं, याचा पुरावाही आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पुलवामा झालं. यादी जाणं थांबलं नाही. मैत्री नसतानाही पाळले जाणारे करार असतात, ते असे. पण मामा, एक ओळ मला त्या कागदावर हवीच: घुसखोरीला मदत करणारा गोळीबार किंवा तळ उघड झाला, तर तो शस्त्रसंधीचा भंगच समजला जाईल. त्याशिवाय मला तो कागद मान्य नाही.

मामा: ती ओळ मलाही हवी. रेषेवरच्या चौकीनं वाट दाखवली तर जबाबदार ती चौकीच. तिथं जागेवर उत्तर द्यायचा हक्क आपला, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि एक मी कबूल करतो: शांत रेषेवर पलटण सुस्तावते. सहा महिने गोळी चालली नाही की अ‍ॅम्बुशला बसलेल्या पोराचा डोळा लागतो. त्याची काळजी अफसरांनी घ्यायची. पण पहलगाममधल्या बंदोबस्ताच्या चुकीचा राग उरीच्या शेतकऱ्यावर काढायचा नाही.

इथपर्यंत दोघं आले. आता माझं मत.

भाचीचा संशय मला खरा वाटतो. २००४ चा शब्द मोडला गेला, हे इतिहासात नोंदलेलं आहे, आणि पाकिस्तानी लष्करानं दहशतवादी गटांना पोसलं, हे जगाला ठाऊक आहे. शस्त्रसंधी म्हणजे शांतता असं समजून गाफील राहणं ही चूक होईल. तरीही तिच्या सगळ्या मुद्द्यांतून शस्त्रसंधी मोडावी असा निष्कर्ष निघत नाही. आकडे तर उलटंच सांगतात. सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार जम्मू-काश्मीरमधल्या रेषेवरच्या आणि सीमेवरच्या उल्लंघनाच्या घटना २०१८ मध्ये २,१४०, २०१९ मध्ये ३,४७९ आणि २०२० मध्ये ५,१३३ होत्या. २०२० या एका वर्षात ४६ मृत्यू झाले. फेब्रुवारी २०२१ नंतर पहलगामपर्यंत हाच आकडा बोटांवर मोजण्याइतका झाला. ज्या तीन वर्षांत गोळीबार दुपटीहून अधिक वाढला, त्या वर्षांत दहशतवाद संपला नाही, पुलवामा घडलं. गोळीबारानं दहशतवाद थांबतो हे सिद्ध झालेलं नाही. गोळीबारानं माणसं मरतात हे मात्र दर वर्षी सिद्ध होतं.

म्हणून दहशतवादाविरुद्धची लढाई आणि नियंत्रण रेषेवरची शस्त्रसंधी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दहशतवाद्यांना पैसा पुरवणाऱ्यांवर, प्रशिक्षण देणाऱ्यांवर आणि आसरा देणाऱ्यांवर दबाव आणण्याचे मार्ग आपल्याकडे आहेत: आर्थिक निर्बंध, आंतरराष्ट्रीय व्यासपीठं, गुप्तवार्ता, आणि गरज पडलीच तर नेमक्या तळावरची कारवाई. ते वापरावेत. पण प्रत्येक हल्ल्यानंतर ७४० किलोमीटरच्या रेषेवर तोफांची तोंडं उघडणं म्हणजे ज्यांनी हल्ला केला त्यांच्याऐवजी ज्यांचा काही संबंध नाही त्यांना शिक्षा देणं आहे, आणि ती शिक्षा आपल्याही लोकांना मिळते.

आपल्या सरकारकडे तीन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, १० मेचा समझोता नुसत्या दूरध्वनीवर सोडू नये. बांधकाम, ड्रोन, चुकून ओलांडणारे गुराखी आणि घुसखोरीला मदत या सगळ्यांबद्दलचे नियम लेखी व्हावेत. दुसरी, हॉटलाइन आणि सीमेवरच्या बैठका कोणत्याही संकटात बंद करू नयेत. संकटातच त्यांची सर्वात जास्त गरज असते. तिसरी, पूंछ, राजौरी, उरी आणि कुपवाड्यातल्या प्रत्येक वस्तीला बंकर, रुग्णवाहिका आणि पिकाची भरपाई शांततेच्या काळातच मिळावी.

महाराष्ट्राचं या रेषेशी नातं आहे. आपल्या गावांतले जवान तिथं उभे आहेत. आपले सहा नागरिक पहलगामला गेले ते परत आले नाहीत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात लढताना गेले, आणि त्याच कुपवाड्यात अहिल्यानगर जिल्ह्यातले अधिक कदम यांनी अनाथ मुलींसाठी घर उभं केलं. शौर्य आणि माया दोन्ही आपण तिथं दिलं आहे. म्हणून या विषयावर बोलण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि जबाबदारीनं बोलण्याचं कर्तव्यही. पुढचा हल्ला झाला, आणि तो होण्याची शक्यता आहे, तर त्या दिवशी संतापात रेषेवर तोफा सुरू करा अशी मागणी आपल्या तोंडून निघू नये. गुन्हेगार शोधा, त्यांना पोसणाऱ्यांना किंमत मोजायला लावा, ही मागणी जोरात करावी. नियंत्रण रेषेवर गोळी कधी चालवायची, हे निवडून आलेल्या सरकारनं ठरवायचं आहे. तो अधिकार दहशतवाद्यांच्या हाती जाऊ देऊ नये.